वाकडी पेनी

चारुदत्तला एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती वापरायची सोडून हा बाबा ती बनवली कशी याच्याच मागे लागायचा. लग्नात जेवायला बसला तरी ताट उचलून त्याची कड कशी वळवलीय ते बघणार, मग समोर वाढपी ताटकळला तरी चालेल. मंजुषाने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे ओळखलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पुढे दुबईची नोकरी लागली, शारजात अल मजाजला खाडीकाठी बिऱ्हाड थाटलं, मुलगी ईशानी शाळेत जायला लागली, पण खोड काही गेली नाही.

नोकरी रास अल खोरच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत होती. लोखंडी जिने, कठडे, पाइपांची कामं. चारुदत्त तिथे एस्टिमेटर, आणि त्याचा मॅनेजर विटेकर नावाचा इंग्रज. उंच, किडकिडीत, साठीला टेकलेला आणि बोलायला इतका कंजूष की 'गुड मॉर्निंग'मधलं 'गुड'सुद्धा खाऊन टाकायचा. ऑफिसात सगळे त्याला टरकून असत. एक दिवस चारुदत्त कोटेशनवर सही घ्यायला केबिनमध्ये शिरला, तर साहेबाच्या टेबलावर एक चांदीची चकती पडलेली. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, पातळ, काळपट, आणि कड अशी की उंदराने कुरतडलीय. दुसरा कुणी असता तर सही घेऊन गपगुमान निघाला असता.

"सर, हे गोल का नाही?" चारुदत्तने विचारलं.

विटेकरने मान वर केली, चष्मा काढला, आणि मग पुढचा अर्धा तास तो बोलत राहिला. बाहेर शिपाई आणि अकाउंटंट एकमेकांकडे बघायला लागले.

ते नाणं म्हणजे इंग्लंडची जुनी पेनी, सातशे वर्षांपूर्वीची. तेव्हा मशीन कसलं आलंय. एक ठसा लाकडाच्या ओंडक्यात पक्का रोवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, दुसरा ठसा वरून हाताने धरायचा आणि हातोडा हाणायचा. चकती कात्रीने कापलेली म्हणून कड ओबडधोबड, आणि घाव तिरका पडला की राजाचा मुकुट अर्धाच उमटायचा. एका बाजूला कुरळ्या केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोचलेला क्रॉस आणि त्याच्या चारी कोपऱ्यांत तीन तीन ठिपके.

"म्हणजे एकासारखं दुसरं नाही," चारुदत्त म्हणाला. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचंच बाकी होतं.

"एकही नाही," विटेकर म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून चहाच्या वेळेला साहेब खिशातून एखादं नाणं काढायचा आणि दोघं भिंगातून बघत बसायचे. घरी आल्यावर चारुदत्त मंजुषाला सांगायचा, आज अमक्या राजाची दाढी बघितली. मंजुषा म्हणायची, बरं, येताना कोथिंबीर आणलीस का.

२००८ सालचा सप्टेंबर आला. गणपती नुकतेच होऊन गेले होते. यार्डात पाइपांची थप्पी घसरली आणि चारुदत्त तिच्या तडाख्यात सापडला. डोक्याला मार बसला, आठवडाभर शुद्ध नव्हती. ते दिवस मंजुषाने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती त्याबद्दल बोलत नाही. तो उठला, हिंडूफिरू लागला, तोवर तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या होत्या आणि इकडे त्याचे धक्के पोचत होते. तो पडला तेव्हा दुबईत नजर टाकावी तिकडे क्रेन फिरत होत्या. कामावर परतला तेव्हा त्यातल्या निम्म्या जागच्या जागी उभ्या होत्या.

जानेवारीत कंपनीने शटर ओढलं. कुणाला पगार मिळाला, कुणाला नुसतंच इन्शाल्ला. फेब्रुवारीत विटेकरचा फोन आला. "सामान विकतोय. ये."

साहेबाच्या व्हिलात लोक सोफ्यावर बसून सोफ्याचीच किंमत पाडत होते. विटेकरने चारुदत्तला मागच्या खोलीत नेलं आणि एक लाकडी ट्रे त्याच्या हातात ठेवला. छोटे छोटे गोल खळगे, प्रत्येक खळग्यात एक नाणं. "शंभर दिरहम," तो म्हणाला.

"सर, हे फार कमी होतात."

"बाकीचे विचारतात, यात चांदी किती," विटेकर म्हणाला. "तू विचारलंस, गोल का नाही." एवढं बोलून तो सोफ्याच्या भांडणात परत गेला.

घरी मंजुषाने तोंडी हिशोब केला. "शंभर दिरहम म्हणजे साडेतेराशे रुपये. नोकरीचा पत्ता नाही आणि साडेतेराशेची मोड घेऊन आलास?" पण चारुदत्त ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. खिडकीपाशी पांढरा कागद पसरून त्याने प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. प्रत्येकाखाली विटेकरच्या अक्षरातला कागदाचा गोल तुकडा होता, राजाचं नाव आणि साल लिहिलेला. फक्त शेवटच्या खळग्यातल्या नाण्याखाली तो नव्हता. आणि ते नाणं मधोमध वाकलेलं होतं, अर्धवट मिटलेल्या करंजीसारखं.

हे कसं वाकलं? नांगराखाली आलं? घोड्याच्या टापेखाली? चारुदत्तला हा प्रश्न आठ महिने पुरला. मधल्या काळात त्याला कमी पगारावर का होईना शारजात दुसरी नोकरी मिळाली, मे महिन्यात सगळे गावी जाऊन आले, आणि दिवाळी आली.

मंजुषाचा नाण्यांवरचा राग तोवर निवळला होता. "चांदीच आहे ना? मग ठेव लक्ष्मीपूजनाला," ती म्हणाली. ट्रे तिने स्वतः पुसला, आणि शेवटच्या खळग्यापाशी तिचा हात थांबला. "हे नको. वाकडंमोडकं पूजेत चालत नाही. ठेवायचं तर सरळ करून आण."

चारुदत्तला तेवढंच हवं होतं. सरळ कसं करतात ते बघायला मिळणार म्हणून तो त्याच संध्याकाळी शारजातल्याच रोला भागात खैरुद्दीनच्या दुकानात हजर. खैरुद्दीन दापोलीकडचा, चांदीची डागडुजी करणारा. त्याने नाणं हलकेच तापवलं, थंड होऊ दिलं, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून हळूहळू दाबलं. नाणं सपाट झालं. राजाच्या गालावरून एक रेघ तेवढी राहिली.

"आता परत वाकवायला जाऊ नका हां," खैरुद्दीन म्हणाला. "या रेघेवर सरळ दोन तुकडे होतील. खलास."

"मी कशाला वाकवतोय," चारुदत्त म्हणाला.

पूजा झाली. ट्रे लक्ष्मीपुढे मांडला, सगळ्या राजांना हळदकुंकू वाहिलं, ईशानीने लाह्याबत्तासे खाल्ले. दुसऱ्या दिवशी चारुदत्तने आपल्या पराक्रमाचे फोटो इंटरनेटवर नाणेवाल्यांच्या एका फोरमवर टाकले आणि शाबासकीची वाट बघत बसला. संध्याकाळी उत्तर आलं. इंग्लंडातल्या कुणी एका म्हाताऱ्या नाणेवाल्याचं होतं. काम सफाईदार झालंय, त्याने लिहिलं होतं, पण तुम्ही कुणाची तरी प्रार्थना सरळ करून टाकलीत.

चारुदत्तने ते मोठ्याने वाचलं तशी मंजुषा भाजी चिरता चिरता बाहेर आली. म्हाताऱ्याने सगळं समजावून लिहिलं होतं. पूर्वी त्यांच्याकडे घरात कुणी अत्यवस्थ असलं की एक पेनी घ्यायची, एखाद्या संताचं नाव घ्यायचं, आणि आजारी माणसाच्या अंगावर धरून ती हाताने वाकवायची. वाकली की ती बाजारातून उठली, संताची झाली. माणूस बरा झाला की ती घेऊन संताच्या ठिकाणी जायचं आणि वाहायची.

"हा तर नवस," मंजुषा म्हणाली. ती खुर्चीच ओढून बसली. "अरे, आपण पैसा बाजूला बांधून ठेवतो तेच हे. तुझ्या वेळी मी नव्हता का बांधला? मे महिन्यात गावी जाऊन फेडला तेव्हा तू देवळाबाहेर चपला सांभाळत हसत होतास."

"मंजू, सातशे वर्षं झाली त्याला. तो आजारी माणूसही गेला आणि त्याचा संतही गेला. आता मी सरळ केलं काय आणि—" बोलता बोलता त्याने फेब्रुवारीतला फोटो उघडला, नाणं किती वाकलं होतं ते तिला दाखवायला. आणि तो स्क्रीनवर वाकला.

सगळं नाणं काळपट होतं. फक्त घडीच्या पाठीवर, जिथे चांदी ताणली गेली होती तिथे, एक केसाएवढी रेघ पांढरीशुभ्र चमकत होती.

चांदीचं काय होतं ते शारजातल्या बायकांना विचारावं. खाडीची दमट हवा, घासूनपुसून ठेवलेलं निरांजन या दिवाळीला उजळ, पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा काळं. ती रेघ सातशे वर्षांची असती तर बाकीच्या नाण्यासारखी काळी झाली असती. नाणं जुनं होतं, पण वाकवलं होतं हल्लीच.

"म्हणजे हा विटेकरसाहेबांचा नवस आहे," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "कुणीतरी आजारी आहे त्यांच्या घरी. बायको असेल, मूल असेल. घाईगडबडीत नाणं ट्रेमध्ये राहून गेलं आणि आपण ते... मीच सांगितलं सरळ करून आण म्हणून."

"असल्याने काही होत नसतं," चारुदत्त म्हणाला. पण त्यालाही जेवण गेलं नाही. कोण आजारी होतं? बरं झालं का? इतकी वर्षं तो नाणी कशी बनली ते शोधत होता. आता हे नाणं कुणासाठी वाकलं ते कळल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं. आणि मंजुषाच्या जिवाला तर घोरच लागला. दुसऱ्याचा नवस मोडला, आणि तोही आपण, जिचा स्वतःचा नवस देवीने ऐकला तिने. उठता बसता ती एकच म्हणायची, त्यांना शोध.

विटेकरचा फोन बंद. जुन्या ऑफिसातल्या लोकांना विचारलं तर प्रत्येकाकडे वेगळी कथा. कुणी म्हणे तो इंग्लंडला गेला, कुणी म्हणे एअरपोर्टवर गाडी किल्लीसकट सोडून पळाला. शेवटी कंपनीचा जुना ड्रायव्हर सुरेश भेटला. तो आता ड्रॅगन मार्टमधून माल पोचवायची पिकअप चालवत होता.

"साहेब कुठला पळतोय," सुरेश म्हणाला. "कंपनीच्या चेकवर सह्या त्याच्या होत्या ना? मालक गायब, चेक परत, पासपोर्ट पोलिसात. इंटरनॅशनल सिटीत राहतोय शेअरिंगमध्ये. मागच्या आठवड्यात टोमॅटो निवडताना बघितला मी."

इंटरनॅशनल सिटीतल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत, आणि विटेकर राहत होता नेमका इंग्लंड क्लस्टरमध्ये. लोकांच्या थापासुद्धा अशा वेळी अगदीच वाया जात नाहीत.

शुक्रवारी सकाळी दोघं निघाले. ईशानीला शेजारी सोडलं होतं. मंजुषाने फराळाचा डबा घेतला, वर स्वच्छ रुमाल बांधला. चारुदत्तच्या खिशात पेनी होती. जिन्यात कालवणांचे पाच-सहा वास एकात एक मिसळले होते. दार विटेकरने स्वतः उघडलं. आणखी किडकिडीत झाला होता. त्याच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला शर्ट. चारुदत्तला त्याची व्हिला आठवली आणि वाईट वाटलं.

"मॉर्निंग," विटेकर म्हणाला.

चारुदत्तने पेनी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पूजा, खैरुद्दीन, फोरम, पांढरी रेघ. "सर, मला माहीत नव्हतं. माफ करा."

विटेकर राजाच्या गालावरच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

मंजुषाला धीर धरवेना. "मिस्टर विटेकर, कोण आजारी होतं?" तिने सरळ विचारलं. "आता कसं आहे त्यांचं?"

विटेकरचे कान लाल झाले. त्याने खिडकीकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, आणि मग चारुदत्तकडे बोट केलं. "हा. आणि बरा दिसतोय."

मग विटेकर खुर्चीत बसला आणि त्या पहिल्या दिवशी बोलला होता तसा बोलला, फक्त या वेळी थांबत थांबत.

"त्या दिवशी पाइप मोजायला मी जाणार होतो. ऊन होतं. तुला पाठवलं." त्याने घसा साफ केला. "हॉस्पिटलात आलो तेव्हा पलंगाच्या दांडीला एक पिवळं फडकं बांधलेलं होतं. नर्स ते सोडायला आली आणि मंजुषा तिच्यावर धावून गेली. मी विचारलं, हे काय. तिने सांगितलं, नाणी बांधलीत, देवीला शब्द दिलाय."

"तुम्ही आलेलं मला काही म्हणजे काही आठवत नाही," मंजुषा पुटपुटली.

"तू मग चहा प्यायला खाली गेलीस," तो तिला म्हणाला. "माझ्या खिशात पेनी होती, त्याला दाखवायला ठेवलेली. म्हटलं, आमच्याकडेही कधी काळी हे करत होते." तो जरासा हसला. "संत एकही आठवेना. मी चर्चला जाणारा माणूस नाही. म्हणून तू जिचं नाव सांगितलं होतंस, तिचंच घेतलं. वॅगजॉय. उच्चार चुकला असेल."

"वाघजाई," मंजुषा म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

चारुदत्तला भरून आलं. आठ महिने तो नांगर आणि घोडे शोधत होता. नाण्यावर ज्याचं दुखणं होतं तो माणूस रोज सकाळी त्याच्याच आरशात दाढी करत होता. त्याला विटेकरचा हात धरावासा वाटला, पण साहेबाचा हात कसा धरायचा हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्याने तो धरूनच टाकला.

"तू बरा झालास," विटेकर म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला नाही. "मग ती वाहायची होती. देवी कुठे राहते मला काय माहीत. तुमच्या घरची आहे एवढं माहीत होतं. म्हणून ट्रेमध्ये ठेवली. तुमच्या घरी पोचली म्हणजे तिला पोचली, असं धरून चाललो. तोंडाने सांगायला जमलं नाही. खुळचट वाटलं."

मंजुषाने नाक पुसलं. तिचं डोकं आता चालायला लागलं होतं. "पोचली. दिवाळीला देवापुढे होती, हळदकुंकू वाहिलं मी माझ्या हाताने. तुमचा नवस फिटला." ती सुटकेने हसली, जणू ते तिचंच ओझं होतं. मग तिने खोलीभर नजर फिरवली. "आता तुमचं सांगा. पासपोर्ट कधी मिळणार?"

विटेकरने खांदे उडवले. "इन्शाल्ला."

चारुदत्तने त्याच्या तळहातावरची पेनी उचलली आणि दोन्ही अंगठे त्या रेघेवर ठेवले. राजाच्या गालाखाली चांदी किंचित हलल्यासारखी वाटली.

"अरे, तुटेल ती," मंजुषा त्याच्या मनगटाला धरून म्हणाली. "खैरुद्दीनने काय सांगितलं होतं? वाकवायची पद्धत त्यांची. आपल्यात बांधतात."

तिने फराळाच्या डब्यावरचा रुमाल सोडला. सामाईक स्वयंपाकघरात जाऊन, तिथल्या मल्याळी भाडेकरूला विचारून, त्याच्या डब्यातली चिमूटभर हळद आणली आणि रुमालाला चोळली. मधोमध पेनी ठेवली. मग अडली. "सव्वा पाहिजे."

चारुदत्तने खिसे उलटेपालटे केले. चार आणे इथे कुठून असणार? पण पंचवीस फिल्सचं एक नाणं निघालं, पाव दिरहम. एक पेनी आणि पंचवीस फिल्स. मंजुषाने डोळे मिटून वाघजाईला काय सांगितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण इंग्लंडातला राजा आणि अमिरातीच्या नाण्यावरचं हरीण एका गाठीत आवळून तिने ती गाठ विटेकरच्या पलंगाच्या दांडीला बांधली.

"कुणी सोडायला आलं तर?" विटेकरने विचारलं.

"धावून जायचं," मंजुषा म्हणाली. "आणि चकली खा आधी, मऊ पडेल."

पुढच्या दिवाळीला ट्रे पुन्हा पूजेत मांडला गेला. मधल्या वर्षभरात चारुदत्त दर शुक्रवारी भिंग घेऊन इंटरनॅशनल सिटीत जात होता. विटेकरची केस पुढे सरकली होती, पासपोर्ट अजून सुटला नव्हता, आणि गाठ जिथल्या तिथे होती. ईशानी आता मोठी झाली होती, राजांवर कुंकू तीच वाहत होती. शेवटच्या खळग्यापाशी तिचं बोट थांबलं.

"बाबा, वन इज मिसिंग."

"मिसिंग नाही," चारुदत्त म्हणाला. "ते कामावर गेलंय."